मोजपट्टी घेऊन एकदा आर्किटेक्टच्या स्वतःच्या घरी जा

प्रति,
महाराष्ट्रातील आर्किटेक्चर महाविद्यालयांचे प्राचार्य आणि अध्यापक यांस

सप्रेम नमस्कार.

मी आर्किटेक्ट नाही. पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. आधी टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रॉट्रिंग पेनवर, नंतर कॉम्प्युटरवर. आता निवृत्त आहे. तुमच्या महाविद्यालयांशी माझा संबंध आला तो ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींमुळे. ती येताना आपली शीट्स घेऊन यायची आणि त्यांत मला सगळ्यांत आवडायची ती मेझर्ड ड्रॉइंगची, म्हणजे उभ्या वास्तूची मापं घेऊन काढलेल्या नकाशांची. कुणी वाईच्या घाटाचं केलेलं, कुणी सासवडच्या वाड्याचं, कुणी कोकणातल्या देवळाचं. दगडाचा थर न् थर, तुळईचा सांधा न् सांधा मोजून काढलेला. गावात मुक्काम ठोकून, टेपचं एक टोक एकीने आणि दुसरं दुसऱ्याने धरून, माळ्यावरच्या धुळीत शिरून केलेलं ते काम. पाच वर्षांच्या शिक्षणात मुलं घर वाचायला खऱ्या अर्थाने शिकतात ती इथेच, असं माझं मत झालं आहे.

म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. महापालिकेला किंवा पुरातत्त्व खात्याला नाही. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. दरवर्षी एक तुकडी वाड्याऐवजी किंवा देवळाऐवजी एखाद्या आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेलं घर मोजायला पाठवा. घर उभं आहे आणि त्यात राहिलेली माणसं बोलायला आहेत, तोवर पाठवा.

आमच्या सरांनी १९७४ साली स्वतःचा बंगला बांधला. मी ऑफिसात लागले १९८३ ला. १९८९ ला वर एक खोली काढायचं ठरलं, तेव्हा त्या बंगल्याची मूळ ट्रेसिंग्ज, म्हणजे पारदर्शक कागदावरचे नकाशे, माझ्या टेबलावर आली. बाहेरून घर साधं होतं. विटांच्या भिंती, उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, आणि आंब्याचं झाड वाचावं म्हणून आत घेतलेला एक कोपरा. पण शीट नंबर सात मी कधी विसरणार नाही. ते स्वयंपाकघराचं होतं. ओट्याची उंची आधी तीस इंच लिहिलेली. ती खोडून साडेतेहतीस केलेली आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख. काकूंना पाठ वाकवून काम करावं लागतंय, हे राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी सरांच्या लक्षात आलं. मग कडप्पा उचलून खाली विटेचा एक थर वाढवला. तीन इंच वीट, अर्धा इंच माल. त्याच ओट्याच्या टोकाला, जमिनीपासून नऊ इंचांवर, दुसरा लहान ओटा दाखवलेला होता. सरांच्या आईंनी जन्मभर चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेला. उभ्याने त्यांना पोळी लाटता येत नसे. त्या गेल्यावर त्या ओट्यावर मुलं बसून दूध पीत आणि सरांनी तो कधी काढला नाही.

त्याच घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून पहिल्या पावसाळ्यात पाणी आत आलं. दुसऱ्या वर्षी सरांनी तिच्यावर दीड फुटाचा छज्जा घातला. पुढे ऑफिसात येणारी मंडळी म्हणायची, खिडकीवर छज्जा नको, एलिव्हेशन (घराचं बाहेरून दिसणारं रूप) बिघडतं. सर वाद घालत नसत. त्यांना चहाला घरी नेत आणि खिडकीखालचा ओलीचा जुना डाग दाखवत. घराला किती वेळा रंग दिला गेला, पण तेवढा हातभर तुकडा त्यांनी रंगवू दिला नाही.

सर गेले, मागोमाग काकू गेल्या. मुलं परदेशी स्थायिक झालेली. बंगला पाडायचं ठरलं तेव्हा मी एका महाविद्यालयात फोन केला. म्हटलं, चार दिवस मुलं पाठवा, निदान मोजून तरी घ्या. उत्तर मिळालं की हे हेरिटेज स्ट्रक्चर नाही, अभ्यासक्रमात बसत नाही. घराच्या मुलांना मी दोष देत नाही. सातासमुद्रापलीकडून कौलं शाकारता येत नाहीत. पण ऑफिस आवरलं त्या दिवशी ट्रेसिंगची भेंडोळी रद्दीवाल्याच्या तराजूत जाताना मी पाहिली. मी पोचेपर्यंत बहुतेक गेली होती. शीट नंबर सात तेवढं माझ्या हाती लागलं.

तुम्ही म्हणाल, हे एका साध्या बंगल्याचं झालं. त्यात शिकवण्यासारखं काय? म्हणून ज्यांची नावं तुम्ही रोज वर्गात घेता, त्यांच्याच घरांबद्दल लिहिते. दुसऱ्याचं घर बांधताना आर्किटेक्टला आडोसा असतो. पैसे कमी पडले, मालकाने हट्ट धरला, कॉन्ट्रॅक्टरने घाई केली, असं म्हणता येतं. स्वतःच्या घरात तो आडोसा नाही. जिना चुकला तर रोज तोच चढायचा. म्हणून मोठ्या माणसांनी स्वतःच्या घरात काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही, हे मला त्यांच्या प्रसिद्ध इमारतींपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

ल कॉर्ब्युझिए यांचंच बघा. चंदीगडसारखं अख्खं शहर आखत असताना, १९५१-५२ च्या सुमाराला, त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तँ इथे स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. ३.६६ मीटर लांब, ३.६६ मीटर रुंद. म्हणजे बारा बाय बारा फूट. उंची २.२६ मीटर, साडेसात फुटांच्या आतच. तिचे भाग कॉर्सिका बेटावर तयार करून आणले आणि जागेवर जोडले. बिछाना, टेबल, कपाट, हात धुवायचं भांडं, सगळं अंगाच्या मापाने. स्वयंपाकघर नाहीच, शेजारच्या खाणावळीत उघडणारा एक दरवाजा. चाळीच्या एका खोलीत चार-पाच माणसांनी संसार केलेला ज्याला माहीत आहे, त्याला बारा बाय बाराची अपूर्वाई नाही. पण ज्याच्या शब्दावर शहरं उभी राहत होती, त्याने स्वतःला विसाव्याला किती जागा पुरते याचं उत्तर एवढं दिलं, हे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा खडूने जमिनीवर आखून, त्या चौकोनात उभं राहून बघावं असं आहे. २०१६ साली युनेस्कोने सात देशांतल्या त्यांच्या सतरा कामांना जागतिक वारसा ठरवलं. त्या यादीत चंदीगडचं कॅपिटॉल संकुल आहे आणि ही खोलीही आहे.

ती खोली आकाराला येत होती त्याच काळात त्यांच्या पॅरिसच्या स्टुडिओत पुण्यात जन्मलेला एक तरुण काम करत होता. बाळकृष्ण दोशी. १९२७ साली पुण्यात, एकत्र कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबांचा फर्निचरचा कारखाना होता. आजोबांच्या त्या घराबद्दल दोशी पुढे अनेकदा सांगत: माणसं वाढली तशा खोल्या वाढल्या, मजले चढले, घर कधी पुरं झालंच नाही. ते मुंबईला जे. जे. या कला-वास्तुकलेच्या संस्थेत शिकले, तिथून लंडन, मग पॅरिस, आणि कॉर्ब्युझिए यांची कामं बघायला म्हणून अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. १९६३ साली त्यांनी अहमदाबादेत स्वतःचं घर बांधलं आणि त्याला पत्नीचं नाव दिलं: कमला हाउस. साध्या विटांचं, आटोपशीर घर. जिन्यातून आत उतरणारा उजेड, बागेकडे तोंड केलेल्या खोल्या. १९८६ साली त्यांनीच त्यात भर घातली. २०१८ साली प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळालं तेव्हाही ते त्याच घरात राहत होते आणि जानेवारी २०२३ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले तोवर ते त्यांचं घर होतं. जवळजवळ साठ वर्षं.

साठ वर्षं एकाच घरात स्वतःच्याच ड्रॉइंगसोबत राहणं म्हणजे काय, याचा तुम्ही शिक्षक म्हणून विचार करा. इंदूरच्या अरण्य वसाहतीत दोशींनी गरीब कुटुंबांना जोतं, संडास-न्हाणीघर आणि एखादी खोली दिली आणि बाकीचं घर त्यांचं त्यांना वाढवू दिलं. ती कल्पना पुस्तकातून आली असं मला वाटत नाही. पुण्यातल्या त्या वाढत्या घराचे आणि अहमदाबादेतल्या स्वतःच्या घराचे धागे तिथपर्यंत जात असणार. पण हे कुणी भिंतीला टेप लावून पडताळून पाहिलं पाहिजे. १९६३ ची भिंत कुठे संपते, १९८६ ची कुठे सुरू होते, मधला सांधा कसा जुळवला, जुनी कुठली खिडकी आता दार झाली. हे छायाचित्रात दिसत नाही.

मापं का घ्यावीत याचं याहून सुंदर उदाहरण अमेरिकेत आहे. जर्मनी सोडून वॉल्टर ग्रोपियस हार्वर्डला शिकवायला गेले आणि १९३८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन गावी त्यांनी स्वतःचं घर बांधलं. जागा आणि पैसा गावातल्या एका उदार बाईंनी पुरवला. आधुनिक वास्तुकलेचा एवढा मोठा आचार्य. पण घराला त्यांनी त्या भागात पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या पांढऱ्या लाकडी पट्ट्या, वीट आणि शेतातला दगड वापरला, आणि त्यातच काचेच्या विटा आणि कारखान्यातून येणारी तयार सामग्री बसवली. त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिला आपल्या खोलीला स्वतंत्र दार हवं होतं. ग्रोपियसनी बाहेरच्या बाजूने एक लोखंडी गोल जिना थेट तिच्या खोलीच्या गच्चीपर्यंत नेला. आज जगभरचे विद्यार्थी त्या जिन्याचे फोटो काढतात. तो एका मुलीच्या हट्टापायी आला, हे कळल्याशिवाय त्या एलिव्हेशनचा अर्थच लागत नाही.

आचऱ्याचे अच्युत कानविंदे चाळिशीच्या दशकात याच ग्रोपियसांच्या हाताखाली हार्वर्डला शिकले. पुढे त्यांनी कानपूरच्या आयआयटीचं संकुल उभं केलं. मालवणजवळच्या एका गावातला मुलगा आणि लिंकनमधला तो गोल जिना, यांच्यात एवढंच अंतर आहे. आपल्या मुलांना हे नातं कुणी जोडून दाखवतं का?

कुणी स्वतःच्या घराला प्रयोगशाळा केलं. फिनलंडच्या अल्वार आल्टोंनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुराट्सालो बेटावर उन्हाळ्यातलं घर बांधलं. त्याच्या अंगणाच्या भिंतींचे त्यांनी पन्नासेक चौकोन पाडले आणि प्रत्येकात वीट किंवा टाइल वेगळ्या तऱ्हेने रचली. हिवाळ्यातल्या बर्फात कुठली टिकते, कुठलीवर शेवाळ धरतं, कुठली डोळ्याला बरी वाटते, हे वर्षानुवर्षं बघायचं. क्लायंटच्या पैशांवर प्रयोग करायचा नाही, आपल्या भिंतीवर करायचा. आमच्या सरांचा तो न रंगवलेला डाग याच जातीचा.

आणि मॉस्कोचे कॉन्स्तान्तिन मेल्निकोव्ह. १९२७ ते १९२९ मध्ये, सोव्हिएत काळात, शहराच्या मध्यभागी त्यांनी खासगी घर बांधलं, हेच नवल. दोन गोल मनोरे एकमेकांत शिरलेले. सामान मिळायची मारामार, म्हणून विटांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी रचली. विटा कमी लागल्या आणि खांबही लागले नाहीत. जाळीतली काही षटकोनी भोकं खिडक्यांसाठी ठेवली, अशा साठेक खिडक्या, आणि बाकीची भोकं बांधकामातल्या रोड्यांनी बुजवली. पुढच्या दशकात सरकारी धोरण फिरलं, त्यांच्या शैलीवर टीकेची झोड उठली आणि त्यांचं काम जवळजवळ थांबलं. १९७४ साली मरेपर्यंत ते या घरात राहिले. ज्याला बाहेर बांधू देत नव्हते, त्याच्याजवळ आपलं म्हणून दाखवायला एक घर उरलं होतं. नंतर ते त्यांच्या चित्रकार मुलाने सांभाळलं. पुढे वारसांत वाद झाले आणि शेवटी सरकारी संग्रहालय झालं. एवढं गाजलेलं घरसुद्धा कुटुंबातल्या भांडणात हातचं जाता जाता राहिलं.

आपल्या शेजारी श्रीलंकेत मात्र मी स्वतः जाऊन आले. बहिणीबरोबर यात्रा कंपनीच्या सहलीला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा कोलंबोतल्या तेहतिसाव्या गल्लीत जेफ्री बावांचं ‘नंबर अकरा’ हे घर बघायला गेले. बावा आधी वकील, आर्किटेक्ट झाले ते अडतिसाव्या वर्षी. १९५८ ला त्यांनी गल्लीतल्या चार छोट्या बैठ्या घरांपैकी तिसरं घेतलं. मग एकेक करत उरलेली, असं दहा वर्षांत चारही त्यांची झाली आणि मधली गल्ली घराच्या पोटात जाऊन लांबच लांब पांढरी पडवी झाली. मी सवयीने ती पावलांनी मोजायला लागले. दर काही पावलांवर वरून उजेड पडतो: कुठे हात पसरता येईल एवढंच उघडं अंगण, कुठे कुंडभर पाणी, कुठे तमिळनाडूतल्या चेट्टिनाडहून आणलेले जुने लाकडी खांब. चार घरांच्या चार न्हाण्या, चार मोऱ्या, चार मागची अंगणं जिथे होती तिथेच आता उजेड येतो, असं मला उभी राहिल्यावर वाटलं. गॅरेजमध्ये त्यांची जुनी रोल्स रॉइस अजून उभी आहे. पण माझं लक्ष एका उंबऱ्याकडे गेलं. दोन घरांची जोती एक नव्हती. तिथे बोटभर उंचीचा फरक तसाच ठेवलेला. नवीन जमीन ओतून तो सहज सपाट करता आला असता. त्यांनी केला नाही. अंधारात चालणाऱ्या पायाला कळतं की आपण एका घरातून दुसऱ्या घरात आलो. मार्गदर्शक मुलीला हे सांगितलं तर तीही थांबून पायाने चाचपून बघू लागली.

बावा २००३ साली गेले. ते घर आणि बेंटोटाजवळचं, १९४८ पासून त्यांनी घडवत आणलेलं लुनुगंगा हे बागेतलं घर, दोन्ही त्यांच्या ट्रस्टने जपली आहेत आणि लोकांना बघता येतात. श्रीलंका आपल्याहून कितीतरी लहान देश आहे.

आपल्याकडे काय आहे? तिरुवनंतपुरममध्ये नालांचिराच्या खडकाळ उतारावर आर्किटेक्ट लॉरी बेकरांचं ‘हॅम्लेट’ हे घर आहे. बर्मिंगहॅमचा हा माणूस, १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आला. त्याआधी मुंबईत बोटीची वाट बघत असताना त्याची गांधीजींशी भेट झाली होती आणि घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, ही गांधीजींची शिकवण बेकरांनी आयुष्यभर पाळली. हॅम्लेट एका लहानशा खोलीपासून सुरू झालं आणि सामान मिळेल तसं, गरज पडेल तसं उतारावर वाढत गेलं. जुनं लाकूड, फुटक्या रंगीत काचा, विटांच्या जाळ्या. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची त्यांची रॅट-ट्रॅप पद्धत, जिच्यात सुमारे पाव विटा वाचतात, ती तुम्ही वर्गात शिकवता. पण वापरलेल्या लिफाफ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशे काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचे किती कागद मागे ठेवले असतील? त्या घराचं खरं ड्रॉइंग म्हणजे ते घरच.

बंगळुरूला कोरमंगलात चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं स्वतःचं घर आहे. मधे आकाशाला उघडा चौक आणि त्याच्याभोवती सगळा संसार. ‘उघडं आकाश’ ही कोरियांची जन्मभराची धारणा, आणि आपल्या वाड्यांतल्या चौकात वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. कोरिया मूळचे गोव्याचे. पणजीला त्यांच्या नावाची संस्था काम करते. पण त्यांच्या हातची ड्रॉइंग्ज कुठे आहेत? लंडनला. ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेला त्यांनी स्वतः आपला सगळा संग्रह दिला, हजारो ड्रॉइंग्ज आणि मॉडेल्स. तिथे ती नीट राहतील, हे त्यांनी बरोबरच ओळखलं. मला राग त्यांचा नाही. कागद ओल लागू न देता ठेवणारी एक जागा आपण त्यांना दाखवू शकलो नाही, याचं वाईट वाटतं. रद्दीवाल्याचा तराजू मी पाहिलेला आहे.

कायद्याकडे बघावं तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षं जुन्या वास्तूलाच स्मारक मानतो. या हिशेबाने कमला हाउस २०६३ साली पात्र होईल. दिल्लीत आर्किटेक्ट राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह १९७२ चं. तिथल्या वारसा समितीची साठ वर्षांची अट आड आली आणि एप्रिल २०१७ मध्ये ते जमीनदोस्त झालं. मुंबईने १९९५ सालीच वारसा नियमावली केली, देशातली पहिली. तिची श्रेणी घराला मिळाली तर चांगलंच. पण स्वतःच्या राहत्या घरावर तसा शिक्का बसू नये म्हणून धडपडणारी कुटुंबंही मला माहीत आहेत. छप्पर गळतं आणि परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, हा त्यांचा धाक खोटा नाही.

इंग्लंडमध्ये सर जॉन सोन नावाच्या आर्किटेक्टने १७९२ पासून लंडनमध्ये शेजारशेजारची तीन घरं एकामागून एक पाडून पुन्हा बांधली, त्यांत राहिला, आणि १८३३ साली संसदेकडून खास कायदा करून घेतला: आपल्या मृत्यूनंतर हे घर शक्य तितकं आहे तसंच ठेवायचं आणि लोकांना व विद्यार्थ्यांना बघू द्यायचं. आजही ते तसंच आहे, प्रवेश विनामूल्य. आपल्याकडे असा कायदा कुणी आणील, म्हणून मी थांबायला तयार नाही. मोजायला कायदा लागत नाही. घरमालकाची संमती, टेप, ओळंबा आणि आठ मुलं लागतात.

एक धोका मात्र आहे, त्याबद्दल थोडं लिहिते. शिकागोजवळ ओक पार्कला फ्रँक लॉइड राइट यांनी १८८९ साली, बाविसाव्या वर्षी, वरिष्ठाकडून कर्ज काढून घर बांधलं. मुलं होत गेली तशी भर पडली: १८९५ ला मुलांसाठी कमानी छताची खेळायची खोली, १८९८ ला स्टुडिओ. १९०९ ला ते घर सोडून गेले. नंतर घराचे तुकडे पडले, भाडेकरू आले. सत्तरच्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला तेव्हा एक साल निवडावं लागलं आणि घर १९०९ सारखं करायचं ठरलं. काम अतिशय निगुतीने झालं. पण १९०९ नंतर त्या भिंतींत जे जगून झालं, ते काढून टाकावं लागलं. म्हणून म्हणते, मुलांना शीटवर घराचं एकच आदर्श रूप काढायला सांगू नका. खोडलेला तीस आणि वर लिहिलेला साडेतेहतीस, दोन्ही दिसू द्या.

आता कामाचं. घर निवडताना फक्त दिल्ली-अहमदाबादची मोठी नावं धरू नका. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरात साठ-सत्तरच्या दशकात जे. जे. मधून शिकून आलेल्या आर्किटेक्टांची स्वतःची घरं आहेत. त्यांतली कित्येक पुढच्या दहा वर्षांत बिल्डरकडे जातील. तुमच्याच निवृत्त प्राध्यापकांना विचारलंत तर पहिली यादी एका संध्याकाळी तयार होईल. प्लॅन, सेक्शन (घराचा उभा छेद), एलिव्हेशन तर हवीतच. त्यासोबत घरातल्या माणसांचं, विशेषतः स्वयंपाकघरात ज्यांचा दिवस गेला त्यांचं म्हणणं लिहून घ्या: कुठे उकडतं, कुठे गळतं, कुठली खिडकी कधीच उघडत नाहीत, काय बदललं आणि का. फर्निचर, वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातला वॉकर, हेही शीटवर येऊ द्या. माझा अनुभव आहे की आर्किटेक्ट सांगतो त्याहून वेगळं घर त्याची बायको सांगते, आणि दोन्ही खरी असतात.

पत्ता छापू नका. एक प्रत कुटुंबाला द्या, एक ग्रंथालयात ठेवा, आणि स्कॅन दुसऱ्या महाविद्यालयालाही मिळेल असं बघा. घराचं संग्रहालय करा असा आग्रह कुणापाशी धरू नका. उद्या ते पाडायचं ठरलं तरी तो त्यांचा हक्क आहे. त्याआधी आपलं काम झालेलं असावं.

हल्ली लेझरने खोली पाच मिनिटांत मोजून होते, असं मुलं सांगतात. लेझर जरूर वापरा. पण पहिला दिवस टेपवर होऊ द्या. टेप धरायला भिंतीला हात लावावा लागतो, कपाट सरकवावं लागतं, ओट्याखाली वाकावं लागतं, आणि वाकल्यावरच विटेचा तो नंतर घातलेला एक थर दिसतो.

शीट नंबर सात माझ्याकडे आहे. कडेने फाटलं आहे, मधे चहाचा डाग आहे, शाई अजून स्वच्छ दिसते. स्केल एक इंचाला दोन फूट. ज्या महाविद्यालयाची पहिली तुकडी या कामाला निघेल, त्यांच्या हाती ते देईन. मुलांना माझी गरज वाटली तर पहिल्या दिवशी टेपचं एक टोक धरायला मी येईन; गुडघे दुखतात, तेव्हा खालची मापं त्यांनी घ्यावीत.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
पुणे